जबलपूरला समुद्र होता का?

१८२८ साली जबलपूर जिल्ह्याचा कारभार कॅप्टन विल्यम हेन्री स्लीमन याच्याकडे आला. नागपूरकर भोसल्यांच्या हातून हा मुलूख कंपनी सरकारकडे जाऊन जेमतेम अकरा वर्षं झाली होती. पुढे ठगांचा बंदोबस्त करणारा अधिकारी म्हणून स्लीमनचं नाव सर्वदूर झालं. पण माणसाला दगडांचाही नाद होता. गावालगतच्या बडा शिमला टेकडीवर दगड झालेलं लाकूड सापडतं असं कळल्यावर तो ते शोधत हिंडू लागला आणि लाकडाऐवजी त्याला हाडं मिळाली. जड, दगड बनलेली, कुठल्याही ओळखीच्या जनावराची न वाटणारी.

स्लीमनने ती जपून ठेवली. जबलपूरचे सर्जन स्पिल्सबरी यांच्यामार्फत १८३२ च्या सुमारास ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पोचली. ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच प्रिन्सेप. त्या वेळी ‘डायनोसॉर’ हे नावसुद्धा जन्माला आलं नव्हतं. रिचर्ड ओवेनने ते १८४२ मध्ये दिलं. त्यामुळे आशियात गोळा झालेली डायनोसॉरची पहिली हाडं आपल्या हातात आहेत, याची कल्पना कलकत्त्यात कुणाला असणं शक्यच नव्हतं. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असं नाव दिलं. पुढे तो मणकाच संग्रहातून दिसेनासा झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले नागपूरचे धनंजय मोहबे आणि त्यांचे सहकारी शुभाशीष सेन यांना तो २०१२ मध्ये कोलकात्यात, सर्वेक्षणाच्याच संग्रहात सापडला. जानेवारी २०१३ मध्ये ‘करंट सायन्स’ने ती हकिगत छापली.

या प्राण्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्याच्या पायाखालच्या जमिनीविषयी लिहायचं आहे. तो जिथे मेला तो गाळ कसला होता? नदीचा, तळ्याचा की समुद्राचा? हा प्रश्न जबलपूरच्या दगडांना दीडशे वर्षांहून अधिक काळ विचारला जात आहे. त्याचं उत्तर शोधायला माणसं जबलपूरहून निघाली आणि अरबी समुद्राच्या तळापर्यंत गेली. हा प्रवास जसा झाला तसा सांगतो.

जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांना जाणारी गर्दी तिथे सहसा वळत नाही. भेडाघाटचा संगमरवर मुळात डोलोमाइटचा, म्हणजे चुना आणि मॅग्नेशियम यांचा, दीडशे कोटी वर्षांहून कितीतरी जुना. एका फार प्राचीन समुद्राच्या तळाशी साचून मग उष्णता आणि दाबाने भाजून निघालेला तो दगड आहे. त्याच्या समुद्राबद्दल वाद नाही. वाद आहे तो लमेटा घाटावर उघड्या पडलेल्या, त्याच्या मानाने अगदी कोवळ्या थरांबद्दल. जोसेफ मेडलिकॉट या भूवैज्ञानिकाने १८६० मध्ये मध्य नर्मदा खोऱ्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि या थरांना घाटाचंच नाव मिळालं. जबलपूरच्या छुई टेकडीवर आणि बडा शिमल्यावर हा सगळा क्रम एकावर एक पाहायला मिळतो. तळाशी हिरवट वालुकाश्म, त्यावर खालचा चुनखडक, मग लालसर-पांढऱ्या ठिपक्यांचे गाठाळ थर, वरचा चुनखडक, त्यावर आणखी वालुकाश्म आणि या सगळ्यावर दख्खनचा काळा फत्तर, म्हणजे बेसाल्ट. हाडं सापडतात ती फत्तराच्या खाली. म्हणजे लाव्हा येण्याच्या अगोदरची, ढोबळमानाने सात कोटी ते साडेसहा कोटी वर्षांमागची ही जमीन.

गोंधळ माजवला तो तळच्या हिरव्या रंगाने. समुद्रात, किनाऱ्यापासून फार दूर नसलेल्या पाण्यात, गाळ सावकाश साचत असेल तर ग्लॉकोनाइट नावाचं हिरवं खनिज तयार होतं. हिरवा वालुकाश्म दिसला की भूवैज्ञानिकाच्या मनात समुद्र येतो तो त्यामुळे. जबलपूरच्या आसपास समुद्री शंखशिंपले मात्र मिळत नव्हते. नर्मदेने पश्चिमेकडे बाघच्या बाजूला गेलं तर शिंपले, सागरी साळिंदरांची कवचं, अमोनाइट असं सगळं सापडतं. तो समुद्र खरा, पण तो लमेट्याहून जुना आणि पुष्कळ पश्चिमेला. तो जबलपूरपर्यंत पोचला होता का, हा मुद्दा.

इकडे नागपुरात वेगळ्याच वाटेने पुरावा जमत होता. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप (नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं) शाळा चालवत, आणि सवड मिळेल तेव्हा हातोडा घेऊन टाकळीच्या, पिसदुऱ्याच्या माळांवर जात. रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर त्यांनी नागपूर परिसराच्या भूशास्त्रावर लिहिलेला लेख १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये अडकलेल्या गाळात त्यांना गोगलगायी मिळाल्या, गोड्या पाण्यातल्या. त्यातली एक, ‘फायसा प्रिन्सेपी’, हिला सॉवर्बीने १८४० मध्येच प्रिन्सेपचं नाव दिलेलं होतं. स्लीमनची हाडं ज्याच्या टेबलावर गेली त्याच प्रिन्सेपचं. हिस्लॉप यांच्या लेखी नागपूरच्या त्या जागी तळी होती, समुद्र नव्हे. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना, पुराने फुगलेला ओढा ओलांडत असताना ते बुडाले. विदर्भाच्या भूशास्त्राचा पाया घालणाऱ्या या माणसाबद्दल आपण मराठीत फार कमी लिहिलं आहे.

जबलपूरला पुढची मोठी खोदाई चार्ल्स मॅटली यांनी केली. १९१७ ते १९१९ या काळात त्यांनी आणि दुर्गाशंकर भट्टाचार्जी यांनी बडा शिमल्यावर हाडांचा साठाच उघडा केला. मांसाहारी डायनोसॉरांच्या हाडांचा एक पूर्ण थर होता तिथे. जर्मनीतल्या फ्रीड्रिख फॉन ह्यूने यांच्याबरोबर मॅटलींनी या सगळ्याचं वर्णन केलं आणि १९३३ मध्ये ‘मध्य प्रांतातल्या’ डायनोसॉरांवरचा तो प्रबंध सर्वेक्षणाने छापला. इंडोसॉरस, इंडोसुकस, जुब्बलपुरिया ही नावं त्यातली.

याच १९३३ सालच्या सप्टेंबरात इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरातून ‘मबाहिस’ नावाचं एक लहान जहाज अरबी समुद्राकडे निघालं. नेता होता सेमूर स्यूएल, भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचा माजी संचालक. पैसा सर जॉन मरे यांच्या मृत्युपत्रातला. मरे हे १८७२ ते १८७६ या काळात जगाच्या समुद्रांतून फिरलेल्या ‘चॅलेंजर’ जहाजावरचे निसर्गशास्त्रज्ञ. जहाजावरून दोराने खाली सोडलेल्या नळीत जो चिखल वर येई, तो त्यांनी आयुष्यभर तपासला आणि रेनार यांच्याबरोबर १८९१ मध्ये खोल समुद्रातल्या गाळावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. तळाचा चिखल सगळीकडे सारखा नसतो, हे त्यांनी दाखवलं. किनाऱ्याजवळ जमिनीवरून वाहून आलेली माती, दूरवर समुद्री सूक्ष्मजीवांच्या कवचांचा पांढरा चिखल, फार खोलात तांबडी चिकणमाती. त्यात आकाशातून पडलेले उल्कांचे बारीक गोळेसुद्धा त्यांनी ओळखले. जमिनीची माती समुद्रात कुठवर जाते, हा प्रश्न शास्त्रात आणला तो मरे यांनी.

१९३३ मध्ये ‘मबाहिस’वरच्या माणसांना जबलपूरच्या हाडांशी काही देणंघेणं नव्हतं आणि हाडांचा अभ्यास करणाऱ्यांना समुद्राच्या चिखलाशी. दोन्ही कामं एकाच कहाणीचे भाग आहेत हे कळायला आणखी अर्धं शतक जावं लागलं.

मधल्या काळात जबलपूरचा वाद पेटला. १९६० च्या दशकात एस. के. चंदा यांनी लमेटा थर समुद्री असल्याचं मांडलं. इंद्रबीर सिंह यांनी १९८१ मध्ये नर्मदा खोऱ्यातले हे थर भरती-ओहोटीच्या, खाडीमुखाच्या पाण्यात साचल्याचं सांगितलं. वालुकाश्मातल्या तिरप्या रेषा, खेकड्यांसारख्या प्राण्यांच्या बिळांचे ठसे आणि हिरवा रंग, एवढ्यावर त्यांची मांडणी उभी होती. मग १९८७ मध्ये मायकेल ब्रुकफील्ड आणि अशोक साहनी यांनी नेमकी उलट बाजू घेतली. त्यांच्या मते हा सगळा निमकोरडा मैदानी प्रदेश होता, पूर आला की पसरणाऱ्या नद्यांचा, मधून मधून वाळणाऱ्या दलदलीचा. बिळं म्हणून दाखवलेल्या नळ्यांत मुळांच्या खुणा होत्या. शिवाय डायनोसॉरांची अंडी. खालच्या चुनखडकात सॉरोपॉडांची, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची, घरटी जागच्या जागी सापडतात, आणि कुठलाही सॉरोपॉड समुद्राच्या पाण्यात अंडी घालत नाही.

इथे रसायनशास्त्र आत आलं, आणि मला या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग हाच वाटतो.

जबलपूरचा ‘चुनखडक’ हा समुद्रात साचलेला चुनाच नाही, असं संपत टंडन, ज्युलियन अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात दाखवलं. विदर्भ-मराठवाड्यात विहीर खणताना काळ्या मातीखाली पांढरे गठ्ठे लागतात, ते कंकर ज्याने पाहिलेत त्याला हे सहज पटेल. पाऊस कमी आणि ऊन जास्त असलेल्या जमिनीत पाणी मुरतं, सुकतं आणि विरघळलेला चुना गाठींच्या रूपाने मागे राहतो. लमेट्याचा चुनखडक बराचसा असाच, जमिनीत तयार झालेला. आता त्या गाठीतल्या कार्बनकडे पाहा. मातीतला कर्बवायू दोन ठिकाणांहून येतो. मुळांच्या श्वसनातून येणाऱ्या वायूत हलका कार्बन जास्त असतो, वरच्या हवेतून शिरणाऱ्यात जड कार्बनचं प्रमाण त्या मानाने मोठं. चुन्याच्या गाठीत या दोन कार्बनांचं गुणोत्तर मोजलं की त्या काळच्या हवेत कर्बवायू किती होता याचा अंदाज बांधता येतो. १९९५ मध्ये अँड्र्यूज, टंडन आणि डेनिस यांनी तो बांधला. दर दहा लाख भागांत सुमारे ८०० ते १,२०० भाग. आजच्या हवेत हा आकडा ४२० च्या पुढे गेला आहे. डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातली हवा मध्य भारतातल्या दगडी चुन्यात बंद होती!

यापूर्वीच, १९९१ मध्ये, सरकार, भट्टाचार्य आणि मोहबे यांनी गुजरातेतल्या डायनोसॉर-अंड्यांच्या कवचांवर हलक्या-जड अणूंच्या मोजणीची हीच रीत वापरली होती. कवचातल्या ऑक्सिजनवरून मादीने कसलं पाणी प्यायलं ते कळतं, कार्बनवरून तिने काय खाल्लं ते. नद्यांचं पाणी, उन्हाने आटणाऱ्या डबक्यांचं पाणी, आणि झाडपाला. या अंड्यांच्या आया खाऱ्या पाण्यावर वाढलेल्या नव्हत्या.

एवढ्यावर समुद्राचा निकाल लागला, असं वाटेल. तसा तो लागला नाही. २००९ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिली गावाजवळ लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात गर्टा केलर, सुनील बाजपेयी, मोहबे आणि इतरांना तरंगते फोरॅमिनिफेरा सापडले. हे समुद्राच्या वरच्या पाण्यात राहणारे, मोहरीहूनही बारीक, चुन्याचं कवच असलेले एकपेशीय जीव. काळ डायनोसॉर संपल्यानंतरच्या अगदी पहिल्या टप्प्याचा. जवळचा समुद्र आज शेकडो किलोमीटर दूर. नर्मदा-तापीच्या खचदरीतून किंवा गोदावरीच्या बाजूने समुद्राची चिंचोळी जीभ त्या वेळी देशाच्या पोटात शिरली होती, असं त्यांचं म्हणणं. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी मुलखाशेजारी समुद्र! सगळ्यांना ते मान्य नाही. त्याच गाळात गोड्या पाण्यातले जीवही आहेत. मग २०१८ मध्ये आयआयटी मुंबईतल्या उदिता बन्सल, संतनु बॅनर्जी, कांचन पांडे आणि सहकाऱ्यांनी लमेट्याच्या हिरव्या खनिजाचंच रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. नर्मदा खोऱ्यातल्या त्यांच्या नमुन्यांतलं खनिज ग्लॉकोनाइट निघालं.

माझं मत विचाराल तर जबलपूरचे डायनोसॉर कोरड्या जमिनीवरच राहत होते. घरटी आणि कंकर यांपुढे दुसरा पुरावा टिकत नाही. पण खोऱ्याच्या लांबीवर समुद्र आत-बाहेर करत होता, हेही तितकंच खरं असू शकतं. लमेटा हे एका दिवसाचं किंवा एका जागेचं चित्र नाही. नुसत्या टेकड्या पाहून मात्र याचा निकाल लागणार नाही, कारण जमिनीवरची नोंद फाटकी असते. एक पूर येतो आणि दहा हजार वर्षांचा गाळ खरवडून नेतो. लाव्हा येतो आणि खालचं सगळं झाकतो. नर्मदेने स्वतः किती थर झिजवून नेले याची गणती नाही. ते गेले कुठे, हे विचारलं की पाय आपोआप समुद्राकडे वळतात.

खोल समुद्रात गाळ सावकाश, पण बराच अखंड साचतो. १९७२ च्या वसंतात ‘ग्लोमार चॅलेंजर’ जहाजाने अरबी समुद्रात भोकं पाडली तेव्हा सिंधूने आणून टाकलेल्या गाळाचा प्रचंड पंखा प्रथमच आतून दिसला. १९८७ मध्ये त्याच्या पुढच्या पिढीच्या जहाजाने दख्खनच्या लाव्हाचा उगम ज्या तप्त बिंदूशी जोडला जातो त्याचा माग लक्षद्वीप-मालदीवच्या कण्यावरून रियुनियन बेटापर्यंत काढला. पण जबलपूरच्या दृष्टीने महत्त्वाची नोंद मिळाली ती भारतापासून फार दूर.

ग्रेगरी राविझा आणि बर्नहार्ड प्योकर-एरेनब्रिंक यांनी २००३ मध्ये ‘सायन्स’मध्ये ऑस्मियमची गोष्ट मांडली. समुद्राच्या पाण्यात हा धातू अत्यल्प असतो, पण त्याचे दोन समस्थानिक (वेगवेगळ्या वजनाचे अणू), १८७ आणि १८८, यांचं प्रमाण साऱ्या महासागरांत जवळजवळ एकसारखं राहतं. खंडांचे जुने खडक झिजले की हे प्रमाण वाढतं. पृथ्वीच्या पोटातून नुकताच वर आलेला बेसाल्ट झिजला की ते घसरतं. प्रशांत आणि अटलांटिक महासागरांतल्या साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या गाळात त्यांना दिसलं की हे प्रमाण सुमारे ०.६ वरून ०.४ कडे उतरलं, आणि ही उतरण डायनोसॉरांच्या अंताशी जोडल्या जाणाऱ्या उल्कापाताच्या खुणेच्या खाली, म्हणजे त्याच्या अगोदर, सुरू झाली आहे. उल्केने केलेली घसरण वेगळी, एकदम खोल, तिच्या वर. दोन घटना, दोन स्वाक्षऱ्या, एकाच चिखलात वर-खाली. मेक्सिकोजवळ उल्का आदळण्याच्या कितीतरी आधी आपला फत्तर जगाच्या समुद्राची चव बदलत होता! जबलपूर-मंडल्याच्या टेकड्यांवरचा फत्तर ज्या लाव्हाचा आहे, त्याच लाव्हाची ही नोंद, हजारो किलोमीटर दूरच्या तळावर राहिलेली.

आणि तो लाव्हा जबलपूरला आला कुठून? याचं उत्तरही रसायनानेच दिलं. पश्चिम घाटात लाव्हाच्या थरांना त्यांच्या रासायनिक घडणीवरून नावं दिलेली आहेत. ती सगळी आपल्या घाटवाटांची: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. १९९८ मध्ये पेंग, महोनी आणि सहकाऱ्यांनी जबलपूर-शिवनी भागातल्या फत्तराची घडण तपासली तेव्हा ती पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर यांच्या घडणीशी बरीच जुळली. शिशाच्या समस्थानिकांत काही ठिकाणी फरक होता, त्यामुळे तोच प्रवाह आठशे-हजार किलोमीटर वाहत गेला, की सारख्याच रसाचे वेगळे उद्रेक त्या बाजूला झाले, हा वाद मिटलेला नाही. पण बडा शिमल्याचा फत्तर आणि आंबेनळी घाटातला कडा हे एकाच कुळातले, हे आता पक्कं आहे.

या कुळाची ओळख हाताशी आली, म्हणून समुद्रातली माती ओळखणं शक्य झालं. बेसाल्ट झिजला की स्मेक्टाइट नावाची माती होते. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पाडणारी ती हीच. हिमालयाचे खडक झिजले की इलाइट आणि क्लोराइट मिळतात. दख्खनच्या फत्तरात स्ट्राँशियमच्या ८७ आणि ८६ या समस्थानिकांचं प्रमाण कमी असतं, हिमालयाच्या खडकांत बरंच जास्त. निओडिमियमचा पुरावा वेगळा घेतात, तोही याच दिशेने बोलतो. अरबी समुद्राच्या पूर्व भागात दोन्हीकडची माती येते, वायव्येकडून सिंधूची, पूर्वेकडून नर्मदा-तापीची आणि घाटातल्या लहान नद्यांची. ज्वारीच्या पिठात बाजरीचं पीठ मिसळलं की रंग आणि चव यांवरून प्रमाण सांगता यावं, तसा हा हिशेब. फक्त इथे चव घ्यायला वस्तुमान-वर्णपटमापक लागतो.

३१ मार्च ते ३१ मे २०१५ या दोन महिन्यांत कोलंबो ते मुंबई अशी ३५५ क्रमांकाची आंतरराष्ट्रीय मोहीम ‘जोइडीस रिझोल्यूशन’ या जहाजावरून झाली. तिचं नेतृत्व दोघांकडे होतं, गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेच्या लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे पीटर क्लिफ्ट. भारतीय किनाऱ्यापासून सुमारे ४७५ किलोमीटर पश्चिमेला, लक्ष्मी खोरं नावाच्या सागरी दरीत दोन ठिकाणी भोकं पाडली. वर साडेतीन हजार मीटरहून अधिक पाणी आणि त्याखाली तळात आणखी अकराशे मीटर. दुसऱ्या ठिकाणी ड्रिल थेट बेसाल्टला लागलं. त्याला टेकून असलेला सगळ्यात जुना गाळ पॅलिओसीन काळाचा, म्हणजे डायनोसॉर संपून फार काळ लोटलेला नव्हता तेव्हाचा.

जहाजावर हे काम कसं चालतं ते सांगण्यासारखं आहे. साडेनऊ मीटर लांबीची नळी तळातून वर येते. तिच्यातला गाळ दीड-दीड मीटरच्या तुकड्यांत कापतात आणि प्रत्येक तुकडा उभा चिरतात. एक अर्धा जसाच्या तसा जपून ठेवायचा, दुसऱ्यातून नमुने काढायचे. पुढे किनाऱ्यावरच्या प्रयोगशाळेत चमचाभर चिखल सौम्य आम्लात ठेवला की समुद्री जीवांचा चुना विरघळून जातो, कारण तो जमिनीचा नव्हे. कणांवर चढलेला लोह-मँगनीजचा पापुद्राही काढून टाकायचा. तोही समुद्रानेच चढवलेला. उरते ती अस्सल जमिनीची माती. ती हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवायची आणि रेझिनच्या बारीक नळ्यांतून थेंब-थेंब गाळत स्ट्राँशियम वेगळं, निओडिमियम वेगळं करायचं. शेवटी मापकात जातं ते डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकं. एका नमुन्याला कित्येक दिवस लागतात, आणि बोटाचा घाम लागला तरी आकडा बिघडतो. गोव्यात, अहमदाबादेत, मुंबईत असं काम वर्षानुवर्षं निमूटपणे चालू आहे, आणि त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

लक्ष्मी खोऱ्यातून जे निघालं त्याने पहिल्यांदा सगळ्यांना चकवलं. गाळाचा एक प्रचंड थर उलटापालटा होता, जुने सूक्ष्मजीव वर, नवे खाली, मधे उथळ समुद्रातल्या चुनखडकाचे फुटके तुकडे. सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वी पश्चिम भारताच्या किनारी उताराचा मोठा भाग एकदम कोसळून खोल समुद्रात आला होता. तळात सोडलेल्या कंपनलहरींच्या नकाशांवरून या दरडीला २०१५ मध्येच ‘नटराज’ असं नाव मिळालं. सुमारे ३३० किलोमीटर लांब, १९० किलोमीटर रुंद, १९,००० घन किलोमीटर दगडमाती. तिच्यावरचा त्यानंतरचा गाळ मुख्यतः सिंधूचा, हिमालयाचा निघाला. नर्मदा-तापीचा वाटा लहान, पण तो सारखा नाही. काही काळात तो वाढतो, काही काळात दबतो, आणि या चढउतारांत मान्सूनचं बळ आणि समुद्राची पातळी वाचता येते.

या चिखलात जबलपूरचा म्हणून वेगळा कण ओळखता येत नाही. लमेट्याचा वालुकाश्म, विंध्याचा वालुकाश्म, भेडाघाटचा डोलोमाइट आणि फत्तर, सगळं नर्मदेच्या १,३१२ किलोमीटरच्या वाटेत एकमेकांत मिसळून खंबातच्या आखातात उतरतं. शिवाय डायनोसॉरांच्या वेळी आजची नर्मदा नव्हतीच. तेव्हाचं पाणी कुठे जात होतं हे वेगळंच कोडं आहे. म्हणून झिलमिलीच्या सूक्ष्म कवचांतलं स्ट्राँशियम मोजण्याचं काम मला महत्त्वाचं वाटतं. समुद्राच्या पाण्यातलं स्ट्राँशियमचं प्रमाण त्या काळापुरतं ठाऊक आहे आणि ते जगभर एकच असतं. कवच त्याच पाण्यात बनलं असेल तर तेच प्रमाण त्यात असायला हवं, नदीच्या पाण्यात बनलं असेल तर नाही. मात्र कवच पुढे लाव्हाच्या उष्णतेने किंवा मातीतल्या पाण्याने बदललेलं नाही, याची खात्री आधी करावी लागेल, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

दरम्यान नर्मदेचा गाळ समुद्रात जाणं कमी झालं आहे. जबलपूरच्या वरच्या अंगाला बरगी धरण उभं राहिलं, खाली गुजरातेत सरदार सरोवर. नदीने आणलेल्या मातीतला मोठा भाग आता या जलाशयांच्या तळाशी बसतो. पुढे कधी कुणी लक्ष्मी खोऱ्याचा सगळ्यात वरचा थर तपासला तर आमचा काळ त्यात निराळा ओळखू येईल. ३५५ व्या मोहिमेच्या नळ्या सध्या जपानमधल्या कोची इथल्या कोठारात, थंड खोल्यांत, क्रमांक लावून ठेवल्या आहेत. हिंदी महासागरातला गाळ तिथे जपण्याची ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. जगातला कुठलाही संशोधक काम काय करणार ते लिहून त्यातून नमुने मागू शकतो, आणि नागपूर, जबलपूर, पुण्याच्या विद्यापीठांतल्या मुलांनी ते मागावेत अशी माझी फार इच्छा आहे.